पहाटेचा व्यायाम पुन्हा पुन्हा का बंद पडतो: पोराबाळांच्या घरासाठी दुरुस्ती

तक्रार सगळीकडं सारखीच असते. दिवाळीचा फराळ अंगावर दिसायला लागला, नाहीतर रक्ताच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी पेनानं गोल केला, की बूट खरेदी होतात. पहिले आठ-दहा दिवस कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जोरात. दुसऱ्या आठवड्यात एखादा खाडा. मग धाकट्याला ताप, नाहीतर गावाकडची जत्रा, आणि बूट चपलांच्या स्टँडच्या सगळ्यात खालच्या खणात. सहा महिन्यांनी पुन्हा तोच उत्साह, आणि पुन्हा साधारण त्याच जागी गाडी बंद.

यावर बहुतेक जण स्वतःचं निदान स्वतःच करून मोकळे होतात: "माझ्यात चिकाटीच नाही." मला हे अजिबात पटत नाही. हीच माणसं नळाला पाणी येण्याची वेळ, पोरांचा डबा, शाळेच्या रिक्षाचा हॉर्न हे सगळं वर्षानुवर्षं न चुकता सांभाळतात. चिकाटी भरपूर आहे. व्यायाम ज्या जागेत घुसवलाय ती जागा आधीच भरलेली आहे, एवढाच दोष. आणि ती जागा रिकामी करायची तर सकाळी सहाला काही होत नाही. आदल्या रात्री आणि घरातल्या कामाच्या वाटणीत करावं लागतं.

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लागल्याची तारीख, भिशी, सगळं तिथंच लिहिलेलं असतं. मागच्या वेळी व्यायाम कोणत्या दिवशी थांबला ते आठवून तिथं खूण करा, त्याच्या आधीच्या वेळचंही आठवत असेल तर तेही. मग त्या खुणेच्या आदल्या दिवशी घरात काय होतं ते बघा. जून असेल तर पाऊस. गुरुवार असेल तर बुधवारची रात्र. घरातल्या कुणाची दुसरी पाळी असेल, परीक्षा असेल, पाहुणे असतील. प्रत्येक घराची बंद पडायची जागा ठरलेली असते आणि ती सापडल्याशिवाय नवे बूट घेण्यात अर्थ नाही. आपली जागा सापडली की खालचं त्यापुरतं वाचलं तरी चालेल, पण झोपेचं मात्र सगळ्यांनी वाचा.

झोपेचा हिशोब

मोठ्या माणसाला रोज सात तास किंवा जास्त झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकत्र बसून सांगितलं. पाचला उठायचं तर दहाला डोळा लागलेला हवा. आता आपल्या घरातली रात्र बघा. साडेआठला माणूस घरी येतं, साडेनऊला जेवणं, दहाला पोराला आठवतं की उद्या चित्रकलेची वही न्यायची होती आणि ती संपलीय. भांडी, ओटा, विरजण. अकराला पोरं झोपतात आणि दिवसभरात पहिल्यांदा आपला असा वेळ मिळाला म्हणून मोबाईल हातात येतो. साडेबारा वाजतात. पाचचा गजर म्हणजे साडेचार तास. अंग हे दोन आठवडे ओढतं, तिसऱ्या आठवड्यात नाही म्हणतं, आणि ते बरोबरच असतं.

कोल्हापुरात या हिशोबात घोळ व्हायला एक खास कारण आहे, ते म्हणजे तालीम. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं ऐकत आपण वाढलो. खासबागेतल्या कुस्त्यांच्या गोष्टी प्रत्येक घरातल्या आजोबांकडं आहेत. पैलवान पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतो हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. तोच पैलवान दुपारी जेवून तास-दोन तास गाढ झोपतो आणि रात्री लवकर आडवा होतो, हे कुणी कौतुकानं सांगत नाही. वस्ताद खुराकाइतकंच झोपेवरही लक्ष ठेवतो. आपण तालमीतली पहाट तेवढी उचलून आणली, दुपार तिथंच राहिली. बँकेत काउंटरवर बसणाऱ्याला दुपारी दोनला झोप कोण देणार?

दुसरी गोष्ट उजेडाची. "रोज पाचला उठा" हे मोबाईलवर सांगणारा माणूस कुठल्या गावात बसलाय हे बघत चला. कोलकात्यात जूनमध्ये पाचच्या आधीच सूर्य वर येतो. आपण देशाच्या पश्चिम टोकाला, पण घड्याळ सगळ्या देशाचं एकच. कोल्हापुरात जूनमध्ये सूर्योदय सहाच्या आसपास आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे जानेवारीतले पाच ही आपल्याकडं चक्क दोन तास आधीची काळोखी रात्र. त्या वेळी अंथरुणातून न उठवणं हा शरीराचा आळस नाही. उन्हाळ्यात पावणेसहा आणि थंडीत साडेसहा अशा दोन वेळा ठेवल्या तर काही बिघडत नाही. शाळेची रिक्षा पावणेसातला येत असेल तर थंडीत बाहेर जाण्याचा नाद सोडून घरातच करायचं. त्याचं खाली येतंच.

म्हणून माझं सरळ म्हणणं: पहिला आठवडा व्यायाम करूच नका. फक्त झोपायची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडं आणा. मोबाईलचा चार्जर स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर न्या आणि रात्री दहाला फोन तिथं ठेवा. सकाळी गजर बंद करायला तिथपर्यंत चालत जावं लागेल हा वरचा फायदा. दप्तर, गणवेश, वही-पेन हे सगळं जेवणाच्या आधी, जेवणानंतर नाही. संध्याकाळी सातला पाहुण्यांबरोबर घेतलेला चहाही मोजा, कारण त्यातलं जवळपास निम्मं कॅफिन पाच तासांनी, म्हणजे रात्री बारालाही अंगात असतं.

आणि बुधवार. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपल्याकडं मटणाचे वार, त्यात वाद नाही. पण रात्री दहाला तांबडा-पांढरा ओरपून अकराला आडवं झालं की पोटात रात्रभर काम चालू असतं आणि गुरुवार हातचा जातो. मटण सोडा असं मी कोल्हापुरात राहून सांगणार नाही. आठला पान वाढा, नाहीतर गुरुवार हा हलक्या व्यायामाचा दिवस म्हणून आधीच धरून चाला.

कडी, बिजागरी आणि तीन वर्षांचं पोर

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर बंद पडायची जागा बहुधा हीच. गजर वाजतो, तुम्ही उठता, आणि तुमच्या अंगावर टाकलेला त्याचा पाय खाली येतो. तेवढ्यानं काही होत नाही. मग बाथरूमचा दिवा, नळाची धार, कपाटाच्या दाराची करकर, ट्रॅक पँट शोधताना खाली पडलेला हँगर. शेवटी बाहेरच्या दाराची लोखंडी कडी सरकवताना जो 'खट्ट' आवाज होतो, त्याला आतून "आई…" असं उत्तर येतं. संपला व्यायाम. असं सलग तीन दिवस झालं की चौथ्या दिवशी तुम्ही गजरच लावत नाही.

यातली प्रत्येक गोष्ट आदल्या दिवशी सुटू शकते. व्यायामाच्या कपड्यांतच झोपा, लाज कसली. बूट-मोजे दाराबाहेर जिन्यावर. कडीला आणि बिजागरीला मशीनचं तेल, दोन थेंब पुरतात. गजर मोठ्यानं वाजण्याऐवजी मनगटावर थरथरणारा पट्टा असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईल दुसऱ्या खोलीत हळू आवाजात. जागं झाल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं डोकं जड असतं, हे प्रत्येकाचं असतं, आणि "आज नको" हा निर्णय माणूस नेमका त्याच वेळात घेतो. त्या वेळात ठरवण्यासारखं काही शिल्लक ठेवायचं नाही. तोंडावर पाणी, एक दिवा लावायचा, आणि बाहेर.

तरीही पोर उठलंच तर? मग त्याला झोपवायच्या नादाला लागू नका, त्यात वीस मिनिटं जातात आणि चिडचिड वेगळी. गच्चीवर न्या, चटईच्या एका टोकाला बसवा. तुम्ही ओणवे झालात की पाठीवर चढेल, दंडवत घातलात की शेजारी पालथं पडेल. व्यायाम निम्माच होईल. चालतंय की.

डबा कोण करतंय?

इथं जरा स्पष्ट बोलते. अनेक घरांत नवरा पहाटे फिरायला जातो आणि लोक म्हणतात, काय शिस्त आहे. तो रंकाळ्यावर असताना घरी कुकर, पोळ्या, डबा, अंघोळी, वेणी, रिक्षा हे कोण करतंय ते बघा. ती शिस्त दुसऱ्याच्या खांद्यावर उभी आहे. आणि बायकोनं तीच वेळ मागितली की घरात पहिला प्रश्न येतो, "मग डबा?" बायकांचा पहाटेचा व्यायाम बंद पडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि कुठलंही गजराचं अॅप त्यावर उपाय नाही.

वार वाटून घ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकाचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसऱ्याचे. ज्याचा वार नाही त्याच्याकडं पावणेसहा ते साडेसहा पूर्ण घर. पूर्ण म्हणजे पूर्ण. गच्चीवर येऊन "मिठाचा डबा कुठंय?" विचारायचं नाही. हे बोलणं रविवारी दुपारी निवांत बसून करायचं, पहाटे दारात उभं राहून नाही. एका घरातला संवाद सांगते, नमुन्यादाखल:

"अहो, मंगळवार-गुरुवारचा डबा तुमच्याकडं."

"मला पोळ्या कुठं येतात?"

"पोळ्या नकोत. रात्री कणीक मळून ठेवते, तिचे पराठे थापा. नाहीतर पोहे करा. पोहे येतात ना?"

"पोहे येतात."

"मग झालं तर."

पहिल्या गुरुवारी पोहे खारट होतील. पोरगं तक्रार करेल. करू दे. तिसऱ्या गुरुवारी ते जमतात.

आदल्या रात्री कणीक मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून डब्यात, मटकीला मोड आलेले, डबे-बाटल्या ओट्यावर ओळीनं. एवढं केलं तर सकाळी पंचवीस-तीस मिनिटं सहज सुटतात. शाळेच्या वेळेचाही नव्यानं विचार करा. राज्य सरकारनं २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं. ज्यांच्या शाळेनं वेळ बदलली आणि पोरं लहान आहेत, त्यांना सकाळचा तासभर खरोखर मोकळा झालाय, फक्त तो अजून झोपेत किंवा टीव्हीत जातोय. ज्यांचं थोरलं सातवीत आणि धाकटं दुसरीत आहे त्यांच्याकडं मात्र आता दोन डबे दोन वेळा झालेत. अशा घरात थोरल्याची रिक्षा गेल्यावर आणि धाकटा उठायच्या आधी जो तुकडा मिळतो, तोच धरा. पहाटच हवी असं काही नाही.

आजी-आजोबा घरात असतील तर ते पाचला उठलेलेच असतात. नातवाला तासभर सांभाळायला ते बहुधा आनंदानं तयार होतात, पण त्यांना विचारून ठरवा, गृहीत धरू नका. त्यांच्याही पूजेची, फिरण्याची वेळ असते. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणतीलच, "एवढ्या अंधारात कुठं निघालीस गं?" त्यात काळजीही असते, हे विसरू नका. थंडीत रस्त्यावर अंधार असतो, कोपऱ्यावर कुत्री असतात. उजेड होईपर्यंत गच्चीवर किंवा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आणि मग बाहेर, असं केलं की तो प्रश्नही मिटतो. बाहेर जायचंच तर हातात काठी आणि बरोबर शेजारीण.

रंकाळा रविवारी

राजारामपुरीतून किंवा आर. के. नगरातून रोज रंकाळ्यावर जायचं ठरवणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून बघावं. गाडी काढणं, तिकडं पोचणं, पार्किंग, ओळखीचे भेटणं, चालणं, कट्ट्यावर बसणं, परत येणं. चालणं वीस-पंचवीस मिनिटांचं, जाणं-येणं धरून सव्वा तास. ज्याची पोरं कॉलेजात गेली त्याला परवडतं. ज्याच्या पोराला साडेसहाला उठवायचंय त्याला नाही.

आठवड्याच्या दिवसांची जागा घरापासून पायी पाच मिनिटांच्या आत हवी: गच्ची, गल्ली, जवळचं मैदान, जिना. रंकाळा, शिवाजी विद्यापीठाचा परिसर, कळंबा तलाव हे रविवारचे, आणि पोरांना घेऊन. संध्यामठाच्या बाजूला पोरं पाण्यातली बदकं बघतील, तुम्ही झपझप चाला.

फिरून येताना दूध कट्टा आणि मिसळ यांच्याविषयी एवढंच: कट-वडा खाऊन वजन का उतरत नाही म्हणून व्यायामावर राग काढू नये.

अंग आंबलं म्हणून सुटलेला व्यायाम

कोल्हापूरकराचा स्वभाव असा की बैठका मारायच्या तर शंभर. पहिल्या दिवशी जोशात होतातही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, आणि चौथ्या दिवशी अंथरूण सुटत नाही. सवय नसलेल्या व्यायामानंतर स्नायूंचं दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त जाणवतं. म्हणून पहिल्या दिवशी काही वाटलं नाही यावरून अंदाज बांधू नका. दहा बैठका, भिंतीला हात टेकून दहा जोर, चार सूर्यनमस्कार. दोन आठवडे एवढंच. कमी वाटलं पाहिजे.

सूर्यनमस्कार आपल्या भागातले म्हणायला हरकत नाही. शेजारच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी शाळाशाळांतून त्यांचा प्रसार केला. घरात, लहान जागेत, साहित्याशिवाय सगळं अंग हलवणारा याच्याइतका सोयीचा प्रकार नाही. फक्त अंथरुणातून उठून थेट पायाला हात लावायला जाऊ नका. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांच्या मधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यावर पहिल्या तासात त्यांतला बराच फुगवटा उतरतो. ज्यांची कंबर आधीच कुरकुर करते त्यांनी तर उठल्याउठल्या खोल वाकणं टाळलेलंच बरं. आधी दहा मिनिटं गच्चीवर चाला, जिना दोन-तीनदा चढा-उतरा, खांदे फिरवा, बैठका घ्या. नमस्कार शेवटी. कणीक आदल्या रात्री मळून झालीच आहे, तेव्हा घाई कसली?

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला असा: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा व्यायाम, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. दमवणारा म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. याच सल्ल्यात एक जुनी अट काढून टाकली, ती पालकांसाठी फार कामाची आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम धरत नसत, आता प्रत्येक मिनिट धरतात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मारलेल्या बैठकाही हिशोबात येतात. दमवणारी पंधरा मिनिटं पाच दिवस केली की पंचाहत्तर होतात, आणि सूर्यनमस्कार-बैठकांनी पंधरा मिनिटांत कुणालाही धाप लागते.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायामाआधी डॉक्टरांना विचारा, साखर अचानक उतरू शकते. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर असं काही झालं तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन बसायचं नाही. बाळंतपण नुकतंच झालं असेल तर सुरुवात कधी आणि कशानं करायची हे आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच.

पाऊस

कोल्हापुरात बाहेरच्या व्यायामाला एक तारीख असते: मृगाचा पाऊस खऱ्या अर्थानं लागला की संपलं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखी वेळ आली तर व्यायाम सुचतही नाही, सुचूही नये. पण साध्या पावसाळ्यातही हे चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. जी सवय रस्त्यावर बसवली ती या चार महिन्यांत मरते, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मला उलटं करणं योग्य वाटतं. सुरुवातच घरात करा, पावसाळ्यात करा. चटईएवढी जागा, बैठका, जोर, नमस्कार, जिना. पंधरा मिनिटांत घाम येतो. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की बाहेर जाणं ही वरकमाई. घरात बसलेली सवय थंडीच्या अंधारातही टिकते, पाहुणे आले तरी टिकते, गावाला गेलं तरी बरोबर येते.

पावसाळ्यातल्या दोन बारीक अडचणी मात्र खऱ्याखुऱ्या आहेत. कपडे वाळत नाहीत, म्हणून ट्रॅक पँटचे निदान तीन जोड हवेत. ओली पँट दोरीवर बघूनच निम्मी माणसं माघारी फिरतात. आणि दुसऱ्या मजल्यावर दोरीउड्या मारू नका. खालचे काका सभ्य असले तरी पहाटे सहाला त्यांच्या डोक्यावर धपधप चालू राहिली की सोसायटीच्या ग्रुपवर विषय निघतो.

मोडलं, आता पुढं?

लंडनच्या एका विद्यापीठातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाण्णव लोकांवर सवयींचा अभ्यास केला होता. एखादी गोष्ट विचार न करता आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते ही ऐकीव गोष्ट. बाविसाव्या दिवशी जड वाटलं तर त्यात आपलं काही चुकलेलं नसतं. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. एका खाड्यानं काही बिघडत नाही. "आता सोमवारपासून" म्हणून पुढचे पाच दिवस घालवतो, तिथं बिघडतं.

पोराचा ताप, रात्रभर कपाळावर पट्ट्या, त्या सकाळी झोपायचं. वाद नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ताप उतरल्यावर, चतकोर व्यायाम करायचा. अख्खी भाकरी नको असेल त्या दिवशी आपण उपाशी थोडेच राहतो, चतकोर खातो. नेहमीची वेळ, नेहमीची जागा, पाच मिनिटं: दहा बैठका, दोन नमस्कार, झालं. घाम आला नाही तरी चालेल. चतकोरात काय काय आहे ते आधीच कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण अपुऱ्या झोपेत ते ठरवता येत नाही.

वर्षातले काही आठवडे चतकोराचेच म्हणून आधीच धरून ठेवा. गणपतीत मंडळाच्या आरत्या रात्री उशिरापर्यंत. नवरात्रात घरात घट, उपवास, अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे मुक्कामाला. मार्चमध्ये वार्षिक परीक्षा. हे अचानक येत नाहीत, छापील येतात. तेवढे आठवडे पेन्सिलनं अधोरेखित केले की त्या दिवसांत अपराधी वाटत नाही आणि संपल्यावर कुठं परत यायचं तेही ठरलेलं असतं.

पाळीचा आठवडा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी असलेल्या घरांना वरचं सगळं अर्धंच लागू पडतं. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री साडेबारा-एकला घरी येतो, जेवतो, दीडला झोपतो. त्याला सहाला उठवून व्यायाम करायला लावणं हा त्रास आहे. त्याचा व्यायाम त्या आठवड्यात पोरं शाळेत गेल्यावर, सकाळी दहाच्या सुमाराला, नाष्ट्याच्या आधी. रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी उठल्यावर. वेळ बदलली तरी क्रम तोच ठेवायचा: उठणं, तोंड धुणं, गच्ची. घड्याळाची खूण नसली तरी आधी काय केलं याची खूण मेंदूला पटते.

आणि त्या आठवड्यात घरातल्या दुसऱ्या माणसाला सकाळी कुणीच मदतीला नसतं, तेव्हा वार वाटून घेतलेला करार लागू नाही हे दोघांनी आधीच मान्य करायचं. तिनं त्या आठवड्यात चतकोरावर राहायचं, ओट्याशी कुकर लावून. पहिल्या पाळीचा आठवडा आला की तो चार वाजेपर्यंत घरी आलेला असतो. मग साडेचार ते सव्वापाच पोरं त्याच्याकडं आणि ती वेळ तिची. त्यासाठी पाळीचं वेळापत्रक मिळालं की त्याच संध्याकाळी कॅलेंडरवर दोन रंगांत लिहून टाकायचं, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.